अमेरिकन फुटबॉल डोक्यावरून जातोय? बघताना या चुका टाळा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट असते. पाचला गजर लावून उठायचं, चहा करून बसायचं आणि तासाभरात ‘हे नुसते एकमेकांच्या अंगावर पडतायत’ असं पुटपुटत परत पांघरुणात शिरायचं, हे मी सलग दोन वर्षं केलं. घोळ माझ्या डोळ्यांचा होता. क्रिकेटच्या सवयीने मी चेंडूच बघत होतो.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: मधल्या पाच जणांना भिंत समजणं

मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्याही बाहेर टॅकल. ५० ते ७९ नंबरचे हे पाच दणकट गडी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाची पुढची रांग. पुढे फेकलेला पास झेलायची त्यांना एरवी परवानगी नाही, म्हणून कॅमेरा आणि आपण दोघंही त्यांना विसरतो. किकऑफसारखे प्रसंग सोडले तर प्रत्येक प्ले (एकेक चाल) सुरू होतो तो मात्र सेंटरने पायांमधून मागे दिलेल्या चेंडूनेच. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये दोन सख्खे भाऊ समोरासमोर होते. कॅन्सस सिटीचा टाइट एंड (अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणारा गडी) ट्रॅव्हिस केल्सी आणि फिलाडेल्फियाचा सेंटर जेसन केल्सी. सामना ३८-३५ असा कॅन्सस सिटीने जिंकला. ट्रॅव्हिसचे झेल लोकांच्या लक्षात राहिले. जेसनचं काम बघायला रिप्ले लावावा लागतो.

एकदा फक्त गार्डवर नजर ठेवा. चेंडू सुटताच तो समोरच्याला सोडून एक पाऊल मागे घेतो, वळतो आणि आपल्याच रांगेच्या मागून दुसऱ्या टोकाकडे धावत सुटतो. जवळपास दीडशे किलोचा माणूस! तिथे पोहोचून तो एखाद्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याला, बाजूला लोटतो आणि त्या फटीतून चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक निघून जातो. गार्ड पळाला त्याच बाजूला बहुतेक वेळा चेंडू जातो. डिफेन्सलाही हे ठाऊक असतं, म्हणून कधीकधी गार्ड नुसती हूल देतो.

डाव्या टॅकलचं महत्त्व वेगळं. क्वार्टरबॅक म्हणजे सेंटरकडून चेंडू घेऊन पास फेकणारा गडी. तो उजव्या हाताने फेकणारा असेल आणि पास टाकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते, म्हणजे तिकडून येणारा त्याला दिसतच नाही. म्हणून त्या जागेला एवढा पैसा मोजतात. क्वार्टरबॅक तुआ तागोवायलोआसारखा डावखुरा असेल तर हेच गणित उलटं, उजवीकडचं.

नंबर न बघणं

५० ते ७९ मधल्या कुणाला पास झेलायचा असेल तर त्याने आधी रेफ्रीला तसं सांगावं लागतं. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसविरुद्ध डेट्रॉइटच्या ६८ नंबरच्या टेलर डेकरने शेवटच्या मिनिटात दोन गुणांचा पास झेलला. पण रेफ्रीच्या मते नाव नोंदवलं होतं ७० नंबरच्याने. नियमभंगाचा झेंडा पडला, गुण गेले आणि डेट्रॉइट २०-१९ ने हरलं. आपण सांगितलं होतं, असं डेकरचं म्हणणं. त्यावर वाद अजून घातला जातो, आणि माझ्या मते घालायलाच हवा.

सॅक झाला की लाइनलाच शिव्या

क्वार्टरबॅक हातात चेंडू असतानाच मागे पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर आधी मनात सेकंद मोजा. साधारण अडीच-तीन सेकंदांत चेंडू सुटायला हवा. चार-पाच सेकंद तो चेंडू कवटाळून उभा असेल तर लाइनने आणखी काय करायचं? आणि भर्रकन पडला असेल तर रनिंग बॅककडे बघा. डिफेन्सने जादा माणूस अंगावर सोडला तर त्याला अडवणं बऱ्याचदा याच्याकडे असतं. धावण्यात तरबेज पण इथे कच्चा असलेला पोरगा थर्ड डाऊनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरीला, जेव्हा बहुधा पास टाकतात) बाकावर बसलेला दिसतो, त्याचं कारण हेच.

प्रत्येक हुकलेला पास क्वार्टरबॅकच्या माथी मारणं

चेंडू जिथे कुणीच नाही अशा जागी पडला तर नेम चुकला असं धरू नका. पुष्कळ रूट्समध्ये (धावण्याच्या ठरलेल्या वाटांमध्ये) समोरचा बचाव बघून वाइड रिसीव्हरला, म्हणजे कडेला उभं राहून पास झेलणाऱ्याला, ऐनवेळी ठरवायचं असतं: थांबायचं की पुढे धावायचं. तो थांबला आणि क्वार्टरबॅकने तो धावणार असं धरलं, की टीव्हीवर वेडा दिसतो फेकणारा.

टाइट एंडबाबत एकच सांगतो: त्याचे फक्त झेल मोजू नका. तो लाइनला चिकटून उभा आहे की लांब, ते बघा. चिकटून असेल तर धावण्याचा प्ले असण्याची शक्यता वाढते, कारण अडवायला सहावा माणूस मिळतो. त्याच्या जोडीला क्वार्टरबॅकच्या मागे फुलबॅकही (धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारा) उभा असला, तर धाव येणार असं धरूनच चालायचं. पण फुलबॅक शोधत बसू नका. बऱ्याच संघांकडे आता तो नसतोच.