तीन डेसिबल गेले कुठे? वायरलेस आणि क्वांटम लॅबमध्ये या चुका टाळा

एरर रेटचा आलेख थिअरीपेक्षा तीन डेसिबलनं (म्हणजे पॉवरच्या हिशेबात दुपटीनं) चांगला आला की नवा संशोधक खूश होतो आणि जुना खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतो. मीही एकदा असाच खूश झालो होतो. तीन आठवडे त्या आलेखावर मजकूर लिहिला, आकृत्या सजवल्या, आणि मग लक्षात आलं की नॉइजच निम्मा घातलाय. कॉम्प्लेक्स नॉइजची एकूण पॉवर एन-नॉट. त्यातली निम्मी रिअल भागाला, निम्मी इमॅजिनरी भागाला. मी आधी एकूण पॉवरच निम्मी केली आणि मग ती दोघांत वाटली.

वायरलेस आणि क्वांटम या दोन्ही गटांत काही वर्षं वावरल्यावर माझं मत असं झालंय की लॅबमधले वाया गेलेले आठवडे अवघड गणितात जात नाहीत. ते जातात 'दोन' या आकड्यात. कुठे दोननं भागायचं राहतं, कुठे वर्ग करायचा राहतो, कुठे दोन गोष्टींचा क्रम उलटा लागतो.

सिम्युलेशन: आधी ओळखीचा बिंदू गाठा

नवी स्कीम चालवण्याआधी साधं बीपीएसके (एका सिम्बॉलमध्ये एक बिट पाठवायची पद्धत) चालवा. ईबी बाय एन-नॉट (दर बिटामागची ऊर्जा भागिले नॉइज) 9.6 डेसिबल असताना बिट एरर रेट 10⁻⁵ च्या जवळ यायलाच हवा. नाही आला तर पुढे जाऊ नका. मग क्यूपीएसके (एका सिम्बॉलमध्ये दोन बिट) चालवा. ईबीच्या हिशेबानं तोच आलेख यायला हवा, ईएसच्या (दर सिम्बॉलमागच्या ऊर्जेच्या) हिशेबानं तीन डेसिबल उजवीकडे. ईबी, ईएस आणि नुसता एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) यांची सरमिसळ हा जुनाच रोग आहे. त्यातली खरी मेख अशी की क्यूपीएसकेला रेट-अर्धाचा (निम्मेच बिट माहितीचे असलेला) चूक-दुरुस्ती कोड जोडला की ईबी आणि ईएस नेमके सारखे होतात. म्हणजे रूपांतर विसरलात तरी उत्तर बरोबर येतं, आणि कोडचा रेट बदलल्यावर सगळं घसरतं. तपासणी नेहमी अशा केसवर करा जिथे दोन चुका एकमेकींना झाकणार नाहीत.

दुसरी चूक घाईची. आलेखाच्या शेपटीला जो बिंदू आहे तो चार चुका मोजून काढलेला असतो. 100 चुका मोजल्या तर अंदाजात साधारण 10 टक्क्यांची अनिश्चितता राहते. 10 मोजल्या तर 30 टक्क्यांच्या वर जाते. 10⁻⁶ वर 100 चुका हव्या असतील तर 10 कोटी बिट पाठवावे लागतात, त्याला इलाज नाही. 10 लाख बिटांत एकही चूक दिसली नाही याचा अर्थ एरर रेट शून्य असा होत नाही. 95 टक्के खात्रीनं तो 10 लाखांत तीनहून कमी आहे, एवढंच म्हणता येतं. कोडिंग असेल तर बिट नव्हे, चुकलेल्या फ्रेम मोजा. डिकोडर फसला की चुका घोळक्यानं येतात. आणि आठ कोअरवर एकदम रन लावताना प्रत्येकाला वेगळा सीड (रँडम आकड्यांचा सुरुवातीचा आकडा) द्या. नाहीतर आठही कोअर तोच नॉइज दळतात आणि आपल्याला वाटतं डेटा आठपट झाला.

क्वांटमच्या कागदावर

इथे 'दोन' वेगळ्या वेषात येतो. फिडेलिटीच्या (दोन क्वांटम स्टेट किती जुळतात या मापाच्या) दोन व्याख्या चालू आहेत, एक वर्ग केलेली आणि एक न केलेली. एकाचं 0.90 म्हणजे दुसऱ्याचं 0.81. दोन पेपरमधले आकडे शेजारी मांडण्याआधी व्याख्या वाचा. स्वतःच्या पेपरमध्ये ती एका ओळीत लिहा. एंट्रॉपीत लॉग दोनच्या पायावर की ई-च्या, हाही तसाच प्रश्न. सॉफ्टवेअर लायब्ररीचं फंक्शन मुकाट्यानं नॅचरल लॉग घेतं आणि बिट म्हणून छापलेला आकडा प्रत्यक्षात नॅट (नॅचरल लॉगचं एकक) असतो.

क्यूबिटच्या (क्वांटम बिटच्या) क्रमानं मात्र अनेकांना रडवलंय. किस्किट या क्वांटम सॉफ्टवेअरमध्ये क्यूबिट शून्य सर्वांत उजवीकडे लिहिला जातो. बरीच पाठ्यपुस्तकं तो डावीकडे लिहितात. विद्यार्थी बेल स्टेट (दोन क्यूबिटची गुंतलेली स्टेट) बनवून तपासतो, 00 आणि 11 निम्मे-निम्मे येतात, तो निश्चिंत होतो. पण ही स्टेट दोन्हीकडून सारखीच दिसते! क्रम उलटा असला तरी कळणार कसं? फक्त एकाच क्यूबिटवर एक्स गेट (0 चा 1 करणारा) लावा आणि 01 येतं की 10 ते बघा. पार्शल ट्रेस घेतानाही (काही क्यूबिट हिशेबातून वगळतानाही) हीच युक्ती वापरा.

दोन्ही गट एका टेबलावर बसतात तेव्हा

ऑप्टिकलवाले म्हणतात, फायबरमध्ये तीन डेसिबल गेले. आरएफवाले (रेडिओ फ्रिक्वेन्सीवाले) स्पेक्ट्रम अॅनालायझरवर बघतात, तर सहा. पुढचा तासभर कनेक्टर बदलण्यात जातो. खरं तर दोघंही बरोबर असतात. फोटोडायोडचा करंट ऑप्टिकल पॉवरच्या प्रमाणात असतो आणि इलेक्ट्रिकल पॉवर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून ऑप्टिकल तीन डेसिबल इलेक्ट्रिकल बाजूला सहा होतात. लॉगबुकमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी 'ऑप्टिकल' की 'इलेक्ट्रिकल' हे लिहायची सवय लावा.

आरएफ बेंच

ट्रान्समीटर थेट केबलनं रिसीव्हरला जोडू नका. 'मधे 30 डीबीचं अॅटेन्युएटर आहे की' असं म्हणणाऱ्यानं बेरीज-वजाबाकी करावी: ट्रान्समीटरचे 20 डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल), वजा 30, उरले उणे 10 डीबीएम. काही एसडीआर (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ) बोर्डांची इनपुट मर्यादा उणे 15 डीबीएम असते. म्हणजे अॅटेन्युएटर लावूनही फ्रंट एंड (इनपुटचं पहिलं सर्किट) जळू शकतो. डेटाशीटमधला कमाल इनपुटचा आकडा चिठ्ठीवर लिहून बोर्डावरच चिकटवा.

स्क्रीनच्या अगदी मधोमध दिसणारा टोकदार खांब हा सिग्नल नव्हे. डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरचा डीसी ऑफसेट आणि लोकल ऑसिलेटरची गळती तिथे दिसते. ट्यूनिंग थोडं बाजूला सरकवा. खांब स्क्रीनच्या मध्याला चिकटून राहिला तर तो तुमच्या रिसीव्हरचाच. आजूबाजूला भुतासारखे सिग्नल उगवले असतील तर इनपुट एक डेसिबलनं कमी करा. ते तीन डेसिबलनं पडले तर समजा, हे तिसऱ्या ऑर्डरचं इंटरमॉड्युलेशन आहे, हवेतून काही आलेलं नाही. गेन वाढवूनही एरर रेट सुधारत नसेल तर उलट गेन कमी करून बघा. नंबर सुधारला तर सिग्नल क्लिप होत होता.

घड्याळाचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. 2 पीपीएमचा (दहा लाखांत दोन भागांची चूक असलेला) ऑसिलेटर 2.4 गिगाहर्ट्झवर 4.8 किलोहर्ट्झनं सरकू शकतो. दोन्ही टोकं उलट दिशेला सरकली तर 9.6. सबकॅरियरमधलं (सिग्नलच्या शेजारशेजारच्या उप-लहरींमधलं) अंतर 15 किलोहर्ट्झ असेल तर अर्ध्याहून जास्त गेलं. करेक्शनचा कोड लिहायच्या आधी दोन्ही बोर्डांना एकच 10 मेगाहर्ट्झचा रेफरन्स द्या. गडबड मिटली तर अल्गोरिदममध्ये खोट नव्हती.

कनेक्टरबद्दल एकच: नट फिरवा, कनेक्टर नाही. आणि व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर) कॅलिब्रेट केल्यावर 'फक्त एक छोटा अॅडॉप्टर' लावलात तर कॅलिब्रेशन गेलं.

फोटॉन मोजताना

डार्क काउंट (फोटॉन नसताना डिटेक्टरनं मोजलेले क्लिक) अचानक दुप्पट झाले तर डिटेक्टरला दोष देण्याआधी खोलीत अंधार करून पाच मिनिटं गप्प बसा. डोळे सरावले की दिसतं: पॉवर सप्लायचा हिरवा एलईडी, झोपलेल्या मॉनिटरचा ठिपका, दाराखालची फट. काळी टेप हे आमच्या लॅबमधलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपकरण आहे. उलट बाजूनं, काउंट फार वाढले की डेड टाइम (एका क्लिकनंतर डिटेक्टर आंधळा राहतो तो वेळ) खातो: 50 नॅनोसेकंद डेड टाइम असेल तर सेकंदाला 10 लाख काउंटवर सुमारे पाच टक्के फोटॉन मोजलेच जात नाहीत.

फायबर जोडताना रंग बघा. हिरवा कनेक्टर आठ अंशांनी तिरका घासलेला असतो, निळा नाही. दोघांची जोडी लावली की मधे हवेची फट राहते, सिग्नल गळतो, आणि जोर देऊन दाबलं तर टोकं ओरखडतात. टोक दर वेळी पुसा. मायक्रोस्कोपमधून बघायचं असेल तर आधी लेसर बंद. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून 'काही दिसत नाही' हा पुरावा धरू नका.

एका सकाळी आमच्याकडे कोइन्सिडन्स (दोन्ही डिटेक्टरवर एकाच वेळी आलेले क्लिक) एकदम शून्याजवळ आले. दोन्ही डिटेक्टरचे सिंगल काउंट मात्र ठणठणीत. क्रिस्टल तापवून झाला, पोलरायझेशन कंट्रोलर फिरवून झाले. दुपारी एकानं सहज सांगितलं की काल एका बाजूची पॅच कॉर्ड खराब वाटली म्हणून बदलली. नवी कॉर्ड जुनीपेक्षा दोन मीटर जास्त लांब होती. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरमागे सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात. दहा नॅनोसेकंदांचा फरक पडला आणि शिखर आमच्या एक नॅनोसेकंदाच्या विंडोबाहेर (दोन क्लिक एकत्र धरायच्या वेळेच्या मर्यादेबाहेर) गेलं. तेव्हापासून सिंगल ठीक आणि कोइन्सिडन्स गायब दिसले की आम्ही आधी डिलेचा पूर्ण हिस्टोग्राम काढतो.

अशा वेळी विंडो रुंद करून काम भागवायचा मोह होतो. दोन्हीकडे सेकंदाला एक लाख काउंट असतील तर एक नॅनोसेकंदाच्या विंडोत सेकंदाला 10 कोइन्सिडन्स निव्वळ योगायोगाचे येतात. विंडो दहा नॅनोसेकंद केली की 100. ते योगायोग व्हिजिबिलिटी (कोइन्सिडन्सच्या चढउताराचा ठळकपणा) खातात, आणि सीएचएसएच या गुंतलेपणाच्या चाचणीची मर्यादा 2 ओलांडायला व्हिजिबिलिटी सुमारे 71 टक्क्यांच्या वर लागते. योगायोग वजा करून आकडा वर काढला असेल तर तसं पेपरमध्ये लिहा आणि वजा न केलेला आकडाही द्या. क्वांटम की वाटपात (फोटॉनमधून गुप्त की तयार करण्यात) तर ही सोयच नाही. कुठला क्लिक योगायोगाचा होता हे रिसीव्हरला माहीत नसतं, तो बिट कीमध्ये शिरलेला असतो. बीबी84 या की वाटपाच्या पद्धतीच्या नेहमीच्या सुरक्षा सिद्धतेत एरर रेट 11 टक्क्यांच्या वर गेला तर गुप्त की मिळत नाही, म्हणजे व्हिजिबिलिटी किमान 78 टक्के हवी.

म्हणून मोजणी करताना फक्त कोइन्सिडन्सचा आकडा साठवू नका, प्रत्येक क्लिकचा कच्चा टाइम टॅग साठवा. विंडो नंतर कितीही वेळा बदलून बघता येते. फाइल प्रचंड होते, होऊ दे.