गिअर अडखळतोय? स्क्रूला हात लावण्याआधी केबल बघा

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढाला शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) दाबला आणि चेन दोन चकत्यांमध्ये खडखडत राहिली, की हात थेट डिरेलरवरच्या (चेनला एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावरच्या) एच आणि एल स्क्रूंकडे जातो. ते फक्त चेन स्पोकमध्ये किंवा फ्रेमकडे पडू नये म्हणून असतात. चेन पडत नसेल तर त्यांना हात लावू नका.

मागच्या डिरेलरला मोठ्या चकतीकडे केबल ओढते, लहान चकतीकडे स्प्रिंग परत आणते. त्यामुळे आधी कुठल्या बाजूला अडतंय ते बघा. सायकल पडवीच्या वाशाला सीटपाशी दोरीने टांगा आणि पेडल फिरवत एकेक गिअर टाका. मोठ्या चकतीवर जायला उशीर होत असेल तर केबल सैल आहे: डिरेलरचा बॅरल अ‍ॅडजस्टर (केबल आत शिरते तिथली, ताण बदलणारी फिरती नळी), मागून बघत, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. लहानकडे येताना अडत असेल तर पाव फेरा घड्याळाच्या दिशेने.

त्यानेही लहानकडे येणं सुधारलं नाही, तर केबल आऊटरमध्ये, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणात, घासतेय. किनाऱ्यावर हाच दोष सर्वांत जास्त. खारी हवा आणि पाऊस आऊटरमध्ये शिरतात, आणि डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणात पाणी साचून गंज धरतो. खात्री करायची तर चेन सर्वांत मोठ्या चकतीवर न्या, पेडल थांबवा आणि शिफ्टर शेवटपर्यंत सोडा. केबल ढिली पडेल. ती फ्रेमच्या बाहेरून जात असेल तर आऊटर फ्रेमवरच्या खाचेतून काढून आतली तार हाताने सरकवा. करकरली, की दोन्ही बदला.

तार १.२ मिमीची, स्टेनलेसच घ्या. आऊटर गिअरचाच, ४ मिमीचा. दुकानदार ब्रेकचा ५ मिमीचा देऊ लागला तर नको म्हणा. त्याची गुंडाळी दाबली जाते आणि गिअर जागेवर बसत नाही. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतल्या नळीचं चेपलेलं तोंड दाभणाने उघडा, टोपी बसवा. पहिल्या एक-दोन राइडनंतर आऊटर जागेवर बसतो आणि केबल थोडी सैल पडते. बॅरल पुन्हा घड्याळाच्या उलट पाव फेरा.

दर आठवड्याला ताण वाढवावा लागत असेल तर शिफ्टरच्या आत, केबलच्या टोकाच्या गोळीपाशी बघा. तिथे तारा एकेक करून तुटतात. पूर्ण तुटली की चेन सर्वांत लहान चकतीवर अडकते, आणि सागरी मार्गावर जवळजवळ प्रत्येक खाडीनंतर चढ असतो.

एका टोकाचे गिअर नीट, दुसऱ्या टोकाचे नाहीत? हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. फेरीबोटीत सायकल उजव्या अंगावर पडली तरी पुरतं. तो हँगरचा गेज लावूनच सरळ होतो.

सगळं जुळलेलं असून जोर लावताच चेन उडत असेल तर चेनची झीज चेन-गेजने मोजा. ११ आणि १२ स्पीडला (मागे तितक्या चकत्या) ०.५ टक्के, १० किंवा कमीला ०.७५ टक्के झीज म्हणजे चेन बदला. नवी चेनही उडाली तर कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) संपली.

आणि घरात आहे म्हणून चेनला खोबरेल नको: थंडीत थिजतं, वाळू धरतं.