म्हातारं मांजर रात्री ओरडतं तेव्हा

दहा-बारा वर्षांपुढचं मांजर रात्री दोन-तीनला घरभर फिरत लांब सूर लावू लागलं, की हमखास सल्ला मिळतो: लक्ष देऊ नका, थांबेल आपोआप. धडधाकट, हट्टी मांजरासाठी ते ठीक आहे. म्हाताऱ्या मांजराच्या ओरडण्याचं आधी कारण शोधायचं, दुर्लक्ष करायचं की नाही ते मग ठरवायचं.

आठवडाभर ओरडण्याची वेळ आणि जागा लिहून ठेवा. शी-शूच्या (लिटरच्या) ट्रेजवळ ओरडत असेल तर लघवीचा त्रास किंवा दुखरे सांधे. ओळखीच्याच खोलीत वाट चुकल्यासारखं उभं राहत असेल तर नजर, कान किंवा मेंदू थकलाय. (बहिऱ्या मांजराला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते फार मोठ्याने ओरडतं.) तुम्हाला उठवून थेट वाटीकडे नेत असेल तर बहुधा भूक. आणि नसबंदी न झालेली भाटी वय झालं तरी माजावर येते, हे बरेच जण विसरतात.

वजन करा: मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. ४ किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमने घटलं तर ते खूप झालं. खाणं वाढलंय आणि वजन उतरतंय, तर पहिला संशय थायरॉइड वाढल्याचा. या आजारात रात्रीचं ओरडणं नेहमीचंच. पाणीही मोजून ठेवा. तेवढ्याच मांजराने दिवसाला २०० मिलीहून जास्त पाणी प्यायलं तर मूत्रपिंड किंवा साखर तपासायला हवी.

पशुवैद्याकडे थायरॉइडची टी-४, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, साखर आणि लघवीची तपासणी सांगा. रक्तदाब आवर्जून मोजून घ्या, कारण तो बऱ्याचदा राहून जातो. मांजर शांत असताना वरचा आकडा पुन्हा पुन्हा १६०च्या वर येत असेल तर उपचार लागतात. लख्ख उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या आणि मांजर वस्तूंना धडकू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वाढलेल्या रक्तदाबाने डोळ्यातला पडदा सुटतो. बोका ट्रेमध्ये कुंथतोय पण लघवी होत नाही, तर सकाळचीही वाट बघू नका. सांधे दुखतात म्हणून माणसांची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता घर. झोपायची जागा जमिनीलगत, वाऱ्याच्या झोतापासून दूर. गोधडीची चौघडी पुरते. थंडीत गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. पलंगावर चढायची सवय असेल तर पायरी म्हणून पाट किंवा बुटकं स्टूल लावा. ट्रेची एक कड ५-७ सेंटिमीटरपर्यंत कापून घासून घ्या आणि रात्री तो झोपायच्या जागेजवळ असू द्या. नजर कमी झालेल्या मांजरासाठी ट्रे आणि पाण्याच्या वाटेवर झिरोचा बल्ब लावा, आणि फर्निचर हलवू नका.

दिवसभर झोपलेलं मांजर रात्री जागणारच. संध्याकाळपासून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं खेळवा. उड्या नकोत, दोरी जमिनीवरूनच ओढा. झोपायच्या तासभर आधी शेवटचा खेळ, लगेच जेवण, मग ट्रे साफ. दिवसाच्या खाण्यातला पाव ते तिसरा हिस्सा या वेळेसाठी राखून ठेवा. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. वरून वाटीभर दूध मात्र नको. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, आणि रात्री गुरगुरणारं पोट झोपू देत नाही.

पहाटे भुकेने उठवणाऱ्या मांजरासाठी टायमरवर उघडणारी वाटी घ्या. ते पाचला उठवत असेल तर वाटी साडेचारला उघडू द्या. मग दर तीन-चार दिवसांनी वेळ १५ मिनिटांनी पुढे न्या. खाणं वाटीतून येतं, माणसाला ओरडून नाही, हे त्याला कळायला थोडा वेळ लागतो. इथे दुर्लक्ष चालतं, पण सुरुवातीच्या काही रात्री ओरडणं वाढतं. चौथ्या रात्री कंटाळून उठलात तर तेवढा वेळ ओरडावं लागतं एवढंच ते शिकतं.

गोंधळलेल्या मांजराशी मात्र असं वागू नका. अंथरुणातूनच हळू हाक मारा. बहिरं असेल तर दिवा लावून समोर या, मागून हात लावू नका. मग दिवा मालवा, खाणं देऊ नका. अशा मांजराचं अंथरूण तुमच्याच खोलीत असलेलं बरं. औषधाने झोप आणायची वेळ आलीच तर मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची.