ज्युलियाना रोटिच यांच्या कामातून वेब डेव्हलपमेंट शिकताना

वेब डेव्हलपमेंटकडे वळणारे विद्यार्थी आधी कोणते फ्रेमवर्क (वेबसाइट उभारण्यासाठीचा तयार कोडचा सांगाडा) शिकावे असे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी केनियाच्या ज्युलियाना रोटिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम अभ्यासायला सांगते. आपली वेबसाइट कोण, कुठून आणि कोणत्या अडचणीत असताना वापरणार आहे हे ठरले की कोडमधले निम्मे निर्णय आपोआप सुटतात, हे मला त्या कामातून उमगले.

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला आणि सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. कुठे काय घडते आहे हे लोकांनीच कळवावे आणि ते नकाशावर दिसावे, ही कल्पना ओरी ओकोलोह या वकील महिलेने जानेवारी २००८ च्या आरंभी मांडली. रोटिच, डेव्हिड कोबिया आणि एरिक हर्समन यांच्यासह ती काही दिवसांतच 'उशाहिदी' या वेबसाइटच्या रूपाने प्रत्यक्षात आली. रोटिच यांनी संगणकशास्त्राचे शिक्षण अमेरिकेत घेतले होते. पुढे त्यांनी उशाहिदी चालवणाऱ्या संस्थेचे नेतृत्वही केले.

उशाहिदीचा कोड मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वाचता-वापरता येईल असा, आहे आणि नवख्याने तो अवश्य वाचावा. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या त्याच्या जुन्या आवृत्तीत घटना साठवणाऱ्या डेटाबेसची जी तक्ता-रचना आहे, तिच्यापाशी मी आजही विद्यार्थ्यांना बराच वेळ थांबवते. माहिती वेबवरून आली, एसएमएसने आली की ईमेलने, याची तिथे नोंद होते. शिवाय ती प्रकाशित झाली आहे का आणि तिची पडताळणी झाली आहे का, यांसाठी दोन स्वतंत्र रकाने आहेत. दंगलीच्या काळात खात्री न झालेली बातमी दाखवावी लागते, पण ती खात्रीची म्हणून दाखवता येत नाही, हा विचार त्या दोन रकान्यांत उतरलेला आहे आणि माझ्या मते डेटाबेस-रचनेचा याहून चांगला धडा मिळणे कठीण आहे. हीच प्रणाली २०१० च्या हैती भूकंपात वापरली गेली, आणि त्याआधी २००९ च्या आपल्या लोकसभा निवडणुकीत 'व्होट रिपोर्ट इंडिया' या निवडणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या उपक्रमानेही.

पुढे रोटिच आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिक' हे उपकरण आणले. वीज गेली तरी सुमारे आठ तास बॅटरीवर चालणारे आणि केबल, वाय-फाय किंवा सिमकार्ड यांपैकी जे उपलब्ध असेल त्यावरून इंटरनेट जोडणारे हे यंत्र नैरोबीतल्या रोजच्या गरजेतून घडले.

सरावासाठी तक्रार नोंदवण्याचा एक साधा फॉर्म करावा: शीर्षक, तपशील, तारीख, ठिकाण, आणि वर सांगितलेले ते दोन रकाने. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पान तपासण्याच्या अंगभूत साधनांत) नेटचा वेग थ्री-जीवर आणून तो भरून पाहावा, आणि मध्येच जोडणी तुटली तर लिहिलेला मजकूर टिकतो का, हे तपासल्याशिवाय पानाच्या सजावटीला हात लावू नये.