पिनबॉलचा बॉल अडखळतोय? कार्डाचे पैसे खिशातच राहू द्या

“बॉल उड्या मारायलाय बे, ग्राफिक कार्ड बदलू का?” सोलापुरात कॉम्प्युटरवर पिनबॉल (खाली घरंगळणारा बॉल फ्लिपर नावाच्या दांड्यांनी वर टोलवायचा खेळ) खेळणारे मोजकेच, पण त्यातल्या बहुतेकांनी मला हा प्रश्न कधी ना कधी विचारलाय. माझं उत्तर ठरलेलं असतं: थांब, आधी बॉल नेमका कधी अडखळतो ते सांग.

इथे मी व्हिज्युअल पिनबॉल एक्स धरून लिहितोय. फुकट आहे, आणि त्यावर जुन्या खऱ्या यंत्रांची हौशी लोकांनी घडवलेली ढीगभर टेबलं चालतात. तुम्ही पिनबॉल एफएक्स किंवा फ्यूचर पिनबॉल खेळत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. माझ्याकडचं मशीन काही भारी नाही: जुना आय फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबीचं साधं ग्राफिक कार्ड आणि उभा फिरवून बसवलेला टीव्ही. घर साखर पेठेत, खाली माग, वर आम्ही. खालच्या मागांचा या विषयाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं, याचा) आकडा फसवतो

६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरने पुढचं चित्र तयार केलं नाही, तर आधीचंच चित्र आणखी एक फेरा दिसतं. आता हिशोब करा. बॉल सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली येत असेल, तर एका फ्रेममध्ये तो ५ सेंटिमीटर सरकतो. पिनबॉलचा नेहमीचा फ्लिपर ३ इंची, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. एक फ्रेम गळाली की बॉल फ्लिपरच्या मुळाशी होता तो एकदम टोकाशी दिसतो. तुमचं बोट बरोबर वेळेवर चाललं असतं, पण डोळ्याला खबरच उशिरा मिळाली.

म्हणून सरासरी ९० एफपीएस दाखवणारं, पण मधूनच दचकणारं मशीन मला नको. पक्के ६० देणारं चालेल. आमच्याकडचा जुना जॉबर (माग दुरुस्त करणारा) मिनिटाला किती ठोके पडतात हे मोजत बसत नाही, मागाशेजारी उभा राहून ठोका एकसारखा पडतो का ते कानाने ऐकतो. इथेही तेच बघायचं. खेळ चालू असताना एफ ११ दाबा, पडद्यावर आकडे येतील. सरासरीकडे दुर्लक्ष करा, आकडा किती खाली आपटतो ते बघा.

व्हिडिओच्या सेटिंगमध्ये व्हर्टिकल सिंक (चित्रं पडद्याच्या ठोक्याशी जुळवणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर फ्रेमची मर्यादा पडद्याच्या हर्ट्झइतकी बांधा. मोकाट सोडलेला खेळ निष्कारण चित्रं रंगवत बसतो आणि मशीन तापवतो. विंडोज एक्सपीमधला ‘स्पेस कॅडेट’ पिनबॉल आठवतोय? नेट कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही तोच खेळायचो. तो मूळचा १९९५ चा. जमेल तितक्या वेगाने चित्रं काढायची अशी त्याची रचना होती, त्यामुळे पुढच्या काळातल्या मशीनवर तो सेकंदाला हजारो फ्रेम काढत एक अख्खा प्रोसेसर खात बसला. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी त्याला १०० फ्रेमची मर्यादा घातली आणि प्रोसेसरवरचा भार एका टक्क्यावर आला. खेळणाऱ्याला फरक शून्य.

अडखळतो कधी, त्यावरून रोग ओळखा

पहिल्या मिनिटात दोन-चार झटके आणि मग सुरळीत: टेबलाची चित्रं डिस्कवरून उचलली जातायत. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हाच.

ठरावीक वेळाने एक झटका: मागे काहीतरी चाललंय. क्लाउडवर फोटो चढवणारं ॲप, ब्राउझरचे वीस टॅब, विंडोजचा अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत जाऊन नको ते बंद करा. टेबलांचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळता येतो. पण फाइल खात्रीच्या जागेवरून घेतली असेल तरच हे करायचं.

मल्टीबॉल (एकाच वेळी अनेक बॉल) लागला की बोंब: प्रोसेसर दमतोय. व्हिज्युअल पिनबॉल बॉलचं गणित सेकंदाला १००० वेळा करतो, आणि त्याचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (भागावर) पडतं. टास्क मॅनेजरमध्ये एकूण भार २५ टक्के दिसला म्हणून निवांत राहू नका. चार कोअरपैकी एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा तेवढाच दिसतो.

पंधरा-वीस मिनिटं छान आणि मग हळूहळू वाट लागते: गरमी. सोलापुरात मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत माझा पहिला संशय यावरच असतो.

ऊन, धूळ आणि सुताची लव

एप्रिल-मेमध्ये इथे पारा सहज चाळिशीच्या वर जातो. खोलीतच ३८ अंश असेल, तर पंखा त्याहून थंड हवा आणणार कुठून? इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. मशीन बंद पडत नाही, काही सूचनाही येत नाही, फक्त बॉल जड वाटायला लागतो. डिसेंबरात मस्त चालणारं टेबल मेमध्ये रडतं ते यामुळे, आणि माणूस उगाच त्या टेबलाच्या नव्या आवृत्तीला शिव्या घालत बसतो. एचडब्ल्यू इन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर टाका, वीस मिनिटं खेळा आणि तापमानाचा सर्वांत वरचा आकडा बघा. ९५ च्या पुढे असेल तर बाकी सगळं सोडून मशीन उघडा.

ज्यांच्या घराखाली किंवा शेजारी माग आहेत त्यांना आत काय दिसेल ते मी आत्ताच सांगतो. साधी धूळ फुंकली तर उडते. सुताची लव तशी नसते. ती हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये बसून नमद्यासारखी थापली जाते. वरून पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण खाली हवा पोचतच नाही. पंखा स्क्रू काढून वर उचलल्याशिवाय हे कळत नाही. ती थापी चिमट्याने सोलून काढा, मग मऊ ब्रश, शेवटी ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. आणि हे सगळं प्लग काढून.

पंख्यासकट हीटसिंक उचललाच आहे तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्टही नवी लावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी मधोमध वाटाण्याएवढी ठेवायची. पुरे. भाकरीला लोणी लावल्यासारखी थापू नका.

लव पुन्हा येणारच. जिथून हवा आत जाते त्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा आणि चादरी धुवायच्या दिवशी तोही धुऊन टाका. हवा बाहेर पडते तिथे काही लावू नका. कॅबिनेटचं झाकण उघडं टाकून शेजारी टेबल फॅन लावणारे खूप आहेत. आमच्या भागात तो उपाय म्हणजे लवेला आमंत्रण. खोलीतला पाण्याचा कूलरही थेट मशीनवर सोडू नका, त्याच्या हवेबरोबर ओल येते. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांनो, खालची भोकं बुजतात. दोन जाडजूड पुस्तकं घ्या आणि मागची बाजू उचला.

टीव्ही आणि वायर

पैसा न लागता सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे. टीव्हीत ‘गेम मोड’ शोधा आणि चालू करा. एरवी टीव्ही प्रत्येक चित्र गुळगुळीत करण्यात, रंग खुलवण्यात वेळ घालवतो. सिनेमाला चालतं, फ्लिपरला नाही. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद करा.

मग एचडीएमआयची वायर कुठे खोचलीय ते बघा. मदरबोर्डच्या तोंडात असेल तर बहुधा तुमचं कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक खेळ ओढतंय. हे ऐकून हसू येईल, पण वायर एकदा तपासाच. ४के टीव्हीवर आणखी एक गोची: एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झने येतं. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा तपासा. ३० दिसत असेल तर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वर आणा आणि ६० घ्या. तसंही ४के म्हणजे चौपट पिक्सेल. माझ्यासारख्या कार्डावर तो हट्ट कशाला?

बॅकग्लाससाठी (यंत्राच्या मागच्या उभ्या चित्राच्या काचेसाठी) दुसरा पडदा लावला असेल तर दोन्हींचे हर्ट्झ शक्यतो सारखे ठेवा. त्रास चालूच राहिला तर बॅकग्लास बंद करून एक डाव खेळा. बॉल सुधारला तर गुन्हेगार सापडला. बी२एस या प्रोग्रॅमने दाखवलेल्या बॅकग्लासवर राइट क्लिक केल्यावर तो वेगळी एक्झी (स्वतंत्र प्रोग्रॅम) म्हणून चालवायची सोय मिळते, तीही करून बघा. बॅकग्लासवर व्हिडिओ वाजवणारे पॅक दिसायला झकास, पण अशक्त मशीनवर आधी तेच काढायचे.

विंडोजमध्ये

पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’. लॅपटॉप चार्जरवरच खेळायचा. लाइट गेली की बहुतेक लॅपटॉप वेग कमी करतात, तेव्हा तो डाव हिशोबात धरू नका. दोन ग्राफिक असलेल्या लॅपटॉपवर डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन व्हिज्युअल पिनबॉलच्या एक्झीला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. एक्झी ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन असतात. तुम्ही जिने टेबल उघडता तिलाच द्या. मोठी टेबलं मेमरी संपल्याचं सांगून मरत असतील तर ६४ बिटवाली वापरा. मागे खेळ रेकॉर्ड करणारी गेम बारची सोय बंद. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये लो लेटन्सी मोड (उशीर कमी करणारी सोय) चालू करा, फ्लिपर थोडा हलका लागतो.

रॅमबद्दल एकच गोष्ट. वेगळं कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक हीच रॅम वापरतं, आणि ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या त्याला बऱ्या, कारण दोन वाटांनी माल येतो. नवी पेठेत जुनी पट्टी मिळते. जाताना आपली पट्टी काढून सोबत न्या, डीडीआर ३ आणि ४ चे खाचे वेगळे असतात.

टेबलाची चमक कमी करा

एवढं करूनही कार्ड ९५ टक्क्यांच्या वर पळत असेल, तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये या क्रमाने काटछाट करा. आधी स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन (प्रतिबिंबं), मग ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतल्या सावल्या), मग अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) एकेक पायरी खाली. कार्डाची मेमरी कमी पडत असेल तर टेक्स्चरची (टेबलावर चिकटवलेल्या चित्रांची) कमाल मर्यादा २०४८ वर आणा. एका वेळी एकच बदल, मग एक पूर्ण डाव, मग एफ ११. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. बॉलवरचं प्रतिबिंब मी शेवटपर्यंत सोडत नाही. ते गेलं की बॉल गोटीसारखा दिसतो. ही माझी हौस.

बोट आणि कान

व्हिज्युअल पिनबॉलमध्ये फ्लिपर डाव्या-उजव्या शिफ्टवर असतात, आणि विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबली की ‘स्टिकी कीज’ विचारणारी चौकट उगवते. रंगात आलेला डाव तिथेच मरतो. उजवी शिफ्ट ८ सेकंद धरून ठेवली तर ‘फिल्टर कीज’ जागी होते, आणि बॉल फ्लिपरवर थोपवून ठेवायचा तर शिफ्ट धरून ठेवावीच लागते. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये दोन्हींचे शॉर्टकट बंद करा. कीबोर्ड वायरचा असू द्या. स्वस्त कीबोर्डवर दोन्ही शिफ्ट आणि एंटर (बॉल सोडायचं बटण) एकदम दाबून तिन्ही पोचतात का तेही बघा. नसतील तर फ्लिपर दुसऱ्या बटणांवर टाका.

राहिला आवाज. ब्लूटूथ स्पीकरवर ‘टक्’ उशिरा येतो, आणि हात कानाच्या भरवशावर चालत असल्याने फ्लिपरही उशिरा पडल्यासारखा वाटतो. साधी वायर लावा. आमच्याकडे माग चालू असले की स्पीकर ऐकूच येत नाही, म्हणून मी वायरचा हेडफोन वापरतो.