शेतकऱ्यांच्या सहकारी वाइनरीचा इतिहास कसा लिहावा

सहकारी वाइनरीचा इतिहास लिहिताना बहुतेक जण इमारतीच्या उद्घाटनापासून सुरुवात करतात आणि अध्यक्षांच्या नावांची यादी देऊन थांबतात. अशा लेखनातून द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाचे काय झाले, हे कळत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडील लांगदॉक प्रदेशात, बेझिये शहराजवळ असलेल्या मारोसाँ या गावाचे उदाहरण घेऊन हे काम कसे करावे, ते येथे मांडतो.

प्रथम संस्थेच्या आधीचे संकट नीट समजून घ्यावे. १८६३ च्या सुमारास गार्द जिल्ह्यात फायलोक्सेरा या किडीचा उपद्रव दिसू लागला आणि पुढे तिने मुळे खाऊन फ्रान्समधील बहुतेक द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. या किडीला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलम करून मळे पुन्हा उभे राहिले. (आपल्या नाशिककडे डॉगरिज खुंटावर कलमे बांधली जातात, ती मात्र मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमीन यांना तोंड देण्यासाठी.) मळे सावरल्यानंतर उत्पादन वाढले, अल्जीरियाची वाइन बाजारात आली, साखर-पाणी घालून केलेली बनावट वाइनही विकली जाऊ लागली आणि १९०० नंतर भाव कोसळले. ज्याच्याकडे साठवणुकीची टाकी नव्हती, त्या लहान शेतकऱ्याला व्यापारी सांगेल त्या भावात माल द्यावा लागे. सहकाराची गरज येथे निर्माण झाली.

त्यानंतर स्थापनेच्या तारखा वेगवेगळ्या कराव्यात. मारोसाँच्या शेतकऱ्यांनी एली काताला यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये ‘व्हिन्यरों लिब्र’, म्हणजे ‘स्वतंत्र द्राक्षबागायतदार’, ही संस्था स्थापन केली, ती प्रथम विक्रीसाठी होती. सामायिक तळघर, म्हणजे सर्वांची द्राक्षे एकत्र करून वाइन बनवण्याची आणि साठवण्याची जागा, १९०५ मध्ये उभे राहिले. विक्री एकत्र करणे आणि उत्पादन एकत्र करणे हे दोन निराळे निर्णय आहेत. दुसऱ्या निर्णयात शेतकरी आपली द्राक्षे, आणि त्यांबरोबर आपल्या हाताची ओळखही, सामायिक टाकीत ओततो, म्हणून त्याला अधिक धैर्य लागते. दोन्ही निर्णय एकाच तारखेत कोंबणारा लेखक मधली सारी चर्चा गमावतो.

सर्वांत अधिक वेळ उपविधी, सभांची इतिवृत्ते आणि हिशेबवह्या यांवर घालवावा. एका सभासदाला एकच मत होते की भागांनुसार मते होती, सर्व द्राक्षे संस्थेलाच देण्याचे बंधन होते काय, राजीनामा देणाऱ्याला भागाची रक्कम परत कशी मिळत असे, हे प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मोबदल्याचा. लांगदॉकच्या सहकारी तळघरांत द्राक्षांच्या वजनाला त्यांतून मिळणाऱ्या मद्यार्काच्या अंशांनी गुणून रक्कम ठरवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या साखर कारखान्यांत उसाचा दर उताऱ्याशी जोडला जातो, तसेच हे गणित. मात्र केवळ वजन आणि अंश पाहिले, तर सुगंध, वाण आणि काळजीपूर्वक केलेली छाटणी यांचे मोल हिशेबात येत नाही, आणि ज्याचा मळा उतारावरच्या हलक्या जमिनीत आहे, तो कमी वजनामुळे मागे पडतो. संस्थेतील वाद बहुधा याच ठिकाणी सापडतात. म्हणून इतिवृत्तांतील ज्या ठरावांवर मतदान झाले, ते सर्वांत आधी वाचावेत.

मग माल कोठे गेला, ते शोधावे. मारोसाँची वाइन पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना थेट विकली जाई. समाजवादी नेते झाँ जोरेस यांनी १९०५ मध्ये या गावाला भेट दिली आणि आपल्या ‘ल्युमानिते’ वृत्तपत्रात त्याविषयी लिहिले. हा लेख अनमोल आहे, परंतु तो एका चळवळीच्या पुढाऱ्याने लिहिला आहे, म्हणून त्यातील उत्साह आणि संस्थेचा ताळेबंद शेजारी ठेवून वाचावा.

लांगदॉकच्या द्राक्षबागायतदारांच्या १९०७ च्या उठावाबाबत विशेष सावधगिरी हवी. मार्सलँ आल्बेर यांच्या नेतृत्वाखाली आर्जेलिये गावातून सुरू झालेले आंदोलन जूनमध्ये माँपेलियेच्या प्रचंड मोर्चापर्यंत पोहोचले आणि नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली. मारोसाँची संस्था त्याआधीची आहे, म्हणून तिला उठावाचे फळ म्हणणे चूक ठरते. २९ डिसेंबर १९०६ च्या कायद्याने कृषी सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीच्या कर्जाची वाट मोकळी केली, तरी या प्रदेशातील बहुसंख्य तळघरे दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधली गेली. २९ जून १९०७ च्या कायद्याने उत्पादकाला आपल्या पिकाचे विवरण देणे बंधनकारक केले. ही विवरणे जेथे टिकली आहेत, तेथे त्यांवरून लहान आणि मोठा बागायतदार यांतील अंतर आकड्यांत मांडता येते.

कागदांत न दिसणारी माणसेही शोधावीत. १९०४ मध्ये लांगदॉकच्या मळ्यांतील मजुरांनी मोठे संप केले होते. ज्यांच्याकडे स्वतःचा मळा नव्हता, ते वाइन उत्पादकांच्या संस्थेत कोठे बसत होते, आणि तोडणीला येणाऱ्या स्त्रियांची मजुरी कोण ठरवत होते, याची नोंद इतिवृत्तात क्वचित असते. मजुरीच्या वह्या, संपाच्या बातम्या आणि वृद्धांच्या मुलाखती यांतून ती मिळवावी लागते.

अखेरच्या दशकांसाठी घाई करावी. रोजच्या वापरातील वाइनचा खप घटला, वेली उपटण्यासाठी अनुदाने दिली गेली, गावोगावच्या संस्था एकमेकींत विलीन झाल्या. विलीनीकरणाच्या वेळी जुन्या वह्या कोणाच्या कपाटात जाणार, हे बहुधा कोणीच ठरवत नाही. अशी बातमी कानी येताच तेथे जाऊन वजनकाट्याच्या नोंदवह्या मागून घ्याव्यात आणि त्यांची प्रत जिल्हा अभिलेखागारात जमा करावी.