कोकणातल्या बागांमध्ये मातीतले प्राणी आणि सेंद्रिय कर्ब मोजताना

प्रबंधासाठी मी दापोली भागातल्या काजूच्या बागा, नारळ-सुपारीची आगरं आणि शेजारची उघडी वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन निवडली होती. आता हाच विषय घेणारे विचारतात, प्राणी मोजायचे की कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून मातीत साठलेला कार्बन)? दोन्ही मोजा, पण एकाच खड्ड्यातून. शेणखत घातलेल्या आळ्यातली गांडुळं आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेतला कर्ब यांचा संबंध लावून काहीच हाती लागत नाही.

खड्डे पाऊस ओसरताना घ्या. मे महिन्यात जांभ्याची माती आवळून जाते, गांडुळं खोल उतरतात आणि चांगली बागही ओस वाटते. २५ × २५ सेंमीचा चौकोन, खोली ३० सेंमी, १०-१० सेंमीचे थर वेगळे. पांढऱ्या ट्रेमध्ये माती हाताने फोडत गांडुळं, वाळवी, गोम, वाणी, हुमणी वेचायची. एका खड्ड्यातली संख्या गुणिले १६ म्हणजे चौरस मीटरचा आकडा. माइट आणि स्प्रिंगटेल हे जेमतेम दिसणारे बारीक जीव असे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी बर्लीज-टुलग्रेन फनेल लागतं: वरच्या बल्बने माती सुकत जाते, ते ओलाव्याकडे सरकत खालच्या अल्कोहोलमध्ये पडतात.

कर्बासाठी बहुतेक प्रयोगशाळांत वॉकली-ब्लॅक पद्धत, म्हणजे रसायनांनी कर्ब जाळून मोजायची रीत, चालते. तिच्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के धरून १.३ने गुणतात. मिळालेला आकडा गुणलेला आहे की नाही, हे आधी विचारून घ्या. खाडीकाठच्या खाऱ्या मातीत क्लोराइडमुळे तो उगाच फुगतो.

खरी मेख जांभ्याच्या खड्यांत आहे. बारीक मातीत कर्ब १.५ टक्के, तिची घनता १.२ ग्रॅम प्रति घन सेंमी, खोली ३० सेंमी धरली तर हिशेब हेक्टरी ५४ टन येतो. पण ४० टक्के जागा खड्यांनी व्यापली असेल, तर उरतात ३२.४ टन! म्हणून २ मिमीच्या चाळणीवर राहिलेले खडे फेकू नका, मोजा.

आणि पातेऱ्याची (झाडाखाली पडलेल्या वाळक्या पानांची) चौकशी केल्याशिवाय कुदळ मारू नका. भाताच्या रोपवाटिकेच्या भाजावळीसाठी (जमिनीवर पालापाचोळा जाळण्यासाठी) काही बागांतून तो झाडून नेतात. वाणी आणि गांडुळांचं अन्नच गेलं, तर झाडं असूनही माती उघड्या जमिनीसारखी दिसू शकते. हे मालकापेक्षा बागेत राबणाऱ्या बायकांना विचारा. किती भारे गेले आणि कुठल्या कोपऱ्यातून, ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.